15 हजारात ड्रिल, ग्राइंडर अन् मीटर: पैसा कुठं घालायचा, कुठं वाचवायचा

परभणीकडच्या एका भावानं विचारलंय की नोकरी सांभाळून हौस म्हणून घरी लाकूडकाम आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स करायचंय, शेतात बोअरची थ्री फेज मोटार आहे तिचंही अधूनमधून बघावं लागतंय, बजेट सगळं मिळून 15 हजार, तर ड्रिल कोणती, ग्राइंडर कोणता, मल्टीमीटर कोणता, आणि दुकानदार 128 व्होल्टची कॉर्डलेस ड्रिल दोन बॅटऱ्यांसकट स्वस्तात द्यायलाय ती घ्यावी का. मी वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सचं काम करत आलोय आणि टूल रिपेअरिंगही करतो, त्यामुळं खोललेल्या मशिनी भरपूर बघितल्यात. जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या 128 व्होल्टचं. ती घेऊ नका. लिथियमचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा असतो आणि फुल चार्जला 4.2 पर्यंत जातो. असे 5 सेल ओळीनं जोडले की 18 व्होल्ट होतात, फुल चार्जला 21. म्हणून तीच बॅटरी कुणी 18 म्हणून विकतं, कुणी 20 मॅक्स म्हणून, कुणी 21 म्हणून, आतला माल सारखाच, त्यात फसवणूक अशी नाही. पण 48 व्हीएफ, 88 व्हीएफ, 128 व्हीएफ असं जे छापलेलं असतं त्याचा व्होल्टेजशी काहीच संबंध नाही, बॅटरी खोलली की बहुतेक वेळा आत तेच 5 सेल निघतात. खरोखर 128 व्होल्ट करायचे तर 36 सेल लागतील, एका सेलचं वजन 45 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसते सेलच दीड किलोच्या वर. हातातली बॅटरी उचलून बघा म्हणजे कळेल. बॅटरीचा खरा दम बघायचा तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करायचं, 18 व्होल्ट 2 एएच म्हणजे 36 वॉट-अवर, 4 एएच म्हणजे 72. ज्या डब्यावर एएच नीट लिहिलेलं नाही आणि व्होल्टचा आकडा मात्र हातभर मोठा आहे तो डबा परत ठेवून द्यायचा.

आणि तसंही तुमच्या बजेटमध्ये पहिली ड्रिल वायरवालीच घ्या असं मी म्हणीन. कॉर्डलेस चांगली असतेच, पण चांगल्या कंपनीची बॅटरी महाग, आणि आपल्याकडचं ऊन बॅटरीला लई मारतं. लिथियम सेल 45 डिग्रीच्या वर चार्ज करायचा नसतो, चांगला चार्जर बॅटरी गरम असली तर चार्जिंग सुरूच करत नाही, लाल लाइट लावून थांबतो, लोक म्हणतात चार्जर बिघडला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी किती तापतंय ते तुम्हाला सांगायला नको. फुल चार्ज करून अशा शेडमध्ये महिनोन्महिने ठेवलेली बॅटरी लवकर मरते. पुढं कधी कॉर्डलेस घेतलीच तर बॅटरी घरात, माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, अर्धी चार्ज करून ठेवायची.

आता मूळ मुद्दा. 15 हजार वाटताना मी ब्रँड नंतर बघतो, आधी हे बघतो की ही वस्तू फेल झाली तर नुकसान कुठपर्यंत जाणार. ड्रिलचं गिअर गेलं तर काम थांबतं, बस. डिस्क फुटली तर डोळा जातो. मीटर फसला तर माणूस 415 व्होल्टवर हात ठेवतो. म्हणून ग्राइंडरची डिस्क, गार्ड, गॉगल आणि मीटर इथं हात आखडायचा नाही, आणि बाकी ठिकाणी साधं घेऊन चालवायचं. बरेच हौशी लोक बरोबर उलटं करतात, महागाची ड्रिल किट घेतात आणि मीटर दोनशेचा.

ग्राइंडर 4 इंची, म्हणजे 100 मिमीचा, 600 ते 850 वॉटमधला, चांगल्या कंपनीचा घ्या. बॉश, मकिता, डीवॉल्ट, हायकोकी म्हणजे पूर्वीची हिताची, यातलं जे तुमच्या गावात दुरुस्त होतंय ते. आपल्या कोल्हापूरकडच्या केपीटीची मशीन पण टिकाऊ असतात, वर्कशॉपवाल्यांना विचारा. वॉट हा इनपुटचा आकडा असतो हे लक्षात ठेवा, मशीन लाइटीतून किती खाते ते, डिस्कपर्यंत किती पोचतं ते नाही, त्यामुळं बिननावाच्या मशीनवर 1000 वॉट लिहिलं म्हणून ती नावाजलेल्या 700 वाल्यापेक्षा दमदार असेलच असं नाही.

स्विच नीट बघा. आपल्याकडच्या बहुतेक 4 इंची ग्राइंडरला बाजूला सरकवायचा स्विच असतो जो पुढं ढकलला की अडकून राहतो. लोडशेडिंगच्या गावात हा स्विच खरा धोका आहे, काम करता करता लाइट जाते, माणूस ग्राइंडर तसाच टेबलावर ठेवून चहाला जातो, लाइट आली की मशीन आपोआप सुरू होऊन टेबलावरून उडते. हात काढला की बंद होणारा पॅडल स्विच मिळाला, किंवा लाइट परत आल्यावर आपोआप सुरू न होणारं मॉडेल मिळालं तर दोन-चारशे जास्त गेले तरी तेच घ्या. नाही मिळालं तर लाइट गेली की पहिलं काम प्लग उपसायचा, घरातल्या सगळ्यांना ही सवय लावा.

डिस्कबद्दल दुकानात कुणीच सांगत नाही म्हणून इथं थोडं थांबतो. प्रत्येक कटिंग डिस्कवर जास्तीत जास्त आरपीएम लिहिलेला असतो. 80 मीटर पर सेकंदच्या डिस्कला 100 मिमीसाठी तो साधारण 15300 असतो, 125 साठी 12250, 180 साठी 8500. तुमचा 4 इंची ग्राइंडर रिकामा 11000-12000 नी फिरतो. आता कुणी गार्ड काढून त्यावर 7 इंची डिस्क चढवली, आणि हे आपल्याकडं गावोगाव चाललंय, तर 8500 वाली डिस्क 11000 ला फिरते, ती फुटणारच, आज नाही तर उद्या. दुसरं, डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर एक्सपायरी असते, महिना-वर्ष किंवा तिमाही-वर्ष अशी. डिस्कमधला रेझिन ओल धरून कमजोर होतो म्हणून बनवल्यापासून 3 वर्षांची मुदत देतात. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकून पडलेली जुनी डिस्क फुकट मिळाली तरी लावू नका. आणि ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड कधीच लावायचं नाही, गार्ड असो नसो, ते लाकडात अडकलं की मशीन मांडीवर किंवा मानेवर येतं, आणि हाताला तेवढा वेळच मिळत नाही.

लाकडासाठी ड्रिलनंतरची मशीन म्हणून जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या पात्याची करवत घ्या, सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची, नंतर. नवख्या माणसाला जिगसॉ शिकवतो, सर्क्युलर सॉ परीक्षा घेतो. किनवटकडचं सागवान वापरणार असाल तर एक माहिती, सागात सिलिका असते, म्हणून साध्या स्टीलच्या ब्लेडची धार पटकन जाते, कार्बाइड टिपचं ब्लेड घ्या. बाभूळ कठीण असते, तिथं घाई केली की ब्लेड निळं पडतं. मशीन दुय्यम आणि ब्लेड-बिट मुख्य असं मी नेहमी सांगतो, मध्यम ड्रिलला चांगला बिट लावला तर काम होतंय, चांगल्या ड्रिलला बाजारचा 100 पीस डब्यातला बिट लावला तर नुसता धूर. असा डबा घेऊच नका. 3, 4, 5, 6, 8, 10 एवढे एचएसएसचे, म्हणजे हायस्पीड स्टीलचे, सुटे बिट, आयटी, ॲडिसन, मिरांडा असे, मोंढ्यातल्या हार्डवेअरमध्ये सुटे मिळतात. स्टेनलेस स्टीलला भोक पाडायचं असेल तर एम35 म्हणजे 5 टक्के कोबाल्टवाला एकच बिट घ्या आणि स्पीड कमी ठेवा.

ड्रिल घेताना तुमच्या घराची भिंत कसली आहे ते बघा, हा प्रश्न दुकानदार विचारतच नाही. विटांची भिंत असेल तर साधी 500-600 वॉटची इम्पॅक्ट ड्रिल पुरते. पण आपल्याकडं जुन्या वाड्यात, माळवदाच्या घरात काळ्या दगडाच्या भिंती असतात आणि नव्यात आरसीसीचे कॉलम. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, तिथं इम्पॅक्ट ड्रिल नुसती ओरडते आणि बिटाचं टोक जळतं. कारण या ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकीवर घासून ठोके देतात आणि त्या ठोक्याला जोर तुम्ही किती रेटता त्यातून येतो. एसडीएस रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन हवा दाबून हातोडा मारतो, तुम्ही फक्त धरून ठेवायचं. 2 किलोच्या गटातला 26 मिमी वाला हॅमर अडीच-तीन जूलचा ठोका देतो, दगडात 8 मिमीचं भोक आरामात पडतं. पण हौशी माणसाला हे वर्षातून कितीदा लागणार, तेवढ्यासाठी विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतोय तो आणा आणि सगळी भोकं एका दिवसात पाडून परत द्या.

आता आपल्याकडच्या लाइटीचं. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की शेतावर, गावाच्या टोकाला व्होल्टेज 180, कधी 170. हँड टूलमध्ये कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटार असते, ती कमी व्होल्टेजवर जळत नाही असं लोक समजतात. होतं असं की मशीन हळू फिरते, तुम्ही जास्त रेटता, करंट तेवढाच किंवा जास्त जातो पण आतला पंखा हळू झालेला असतो, हवा कमी, मग आर्मेचर तापून वार्निशचा वास यायला लागतो. उपाय साधा आहे, गरजेपेक्षा एक पायरी मोठी मशीन घ्यायची आणि कमी रेटायची, आणि दर काही मिनिटांनी मशीन रिकामी फिरवून गार करायची, बंद करून नाही, रिकामी फिरवून, म्हणजे पंखा हवा मारतो. बेंच ग्राइंडर किंवा बेंच ड्रिलमध्ये इंडक्शन मोटार असते, तिचं उलटं, व्होल्टेज पडलं की ती लोडवर करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग तापतं, ती 180 च्या खाली चालवूच नका.

आणि त्यात भर घालते एक्स्टेंशन वायर. हिशोब बघा. 1.5 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 12 ओहम. 30 मीटर लांब एक्स्टेंशन म्हणजे जाऊन-येऊन 60 मीटर, 0.7 ओहम. 10 अँपिअर ओढले की 7 व्होल्ट वायरीतच गेले. तीच वायर 0.75 ची घेतली तर 15 व्होल्ट. म्हणजे 180 चे राहिले 165. म्हणून 1.5 ची आयएसआय मार्कवाली वायर घ्या, आणि रीलवरची वायर पूर्ण सोडल्याशिवाय लोड टाकू नका, गुंडाळलेली वायर तापून इन्सुलेशन मऊ पडतं.

एक्स्टेंशन ज्या बोर्डाला लावता त्यावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, बसवून घ्या, हे तुमच्या 15 हजारातच धरा. नव्या हँड टूलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, डबल इन्सुलेटेड, तिला दोनच वायरी येतात आणि अर्थिंग लागत नाही. जुनी लोखंडी बॉडीची ड्रिल असेल तर तिला तीन वायरी पाहिजेत आणि अर्थिंग खरं पाहिजे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी नसेल तर अर्थ नावापुरताच राहतो. खड्ड्यात पाणी घालत जा.

ब्रँडचं शेवटचं एवढंच, घ्यायच्या आधी गावातल्या आर्मेचर वाइंडिंगवाल्याकडं जा आणि विचारा की या मॉडेलचा आर्मेचर, फील्ड कॉइल, कार्बन, स्विच तुझ्याकडं मिळतो का. तो जे मॉडेल न विचारता सांगेल ते घ्या. दुकानदाराला विकायचं असतं, वाइंडरला रोज खोलावं लागतंय. जीएसटी बिल घ्या, बिलावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या, नामवंत कंपन्यांचा डुप्लिकेट माल भरपूर फिरायलाय, आणि नंबर नसेल तर वॉरंटी कशाची मागणार.

आता मीटर. हा भाग सगळ्यात नीट वाचा.

बाजारात तो पिवळा 830 नंबरचा मीटर दोन-अडीचशेला मिळतो. 12 व्होल्टच्या बॅटरीवर, आर्डुइनोवर, रेडिओवर काम करायला तो वाईट नाही, एक असू द्या. पण त्याच्या 10 अँपिअरच्या जॅकजवळ काय छापलंय ते वाचा, अनफ्यूज्ड असं लिहिलेलं असतं. म्हणजे लाल पिन 10 अँपिअरच्या जॅकमध्ये विसरली आणि प्रोब स्टार्टरमध्ये दोन फेजला लावले तर मध्ये एक जाड तार सोडून काहीच नाही. सरळ शॉर्ट. हातातच मीटर फुटतो, तोंडासमोर. शेतातला स्टार्टर डीपीच्या जवळ असेल तर मागून येणारा करंट हजारोंनी असतो.

यासाठीच मीटरवर कॅट 2, कॅट 3, कॅट 4 असं लिहिलेलं असतं. कॅट 2 म्हणजे प्लगला लागणारी घरातली उपकरणं. कॅट 3 म्हणजे घराचा बोर्ड, डिस्ट्रिब्युशन, थ्री फेज मोटारीचा स्टार्टर. कॅट 4 म्हणजे लाइट बिलाच्या मीटरच्या आधीची, पोलवरून येणारी सर्व्हिस वायर. फरक नुसत्या व्होल्टेजचा नाही, लाइनवर येणाऱ्या झटक्याचा आहे. कॅट 2 600 व्होल्ट म्हणजे 4000 व्होल्टचा क्षणिक झटका सोसायला पाहिजे, कॅट 3 600 म्हणजे 6000, कॅट 4 600 म्हणजे 8000. शिवाय कॅट 3 च्या टेस्टमध्ये झटक्यामागचा करंट कॅट 2 पेक्षा कितीतरी जास्त धरतात, म्हणून कॅट 2 1000 व्होल्ट हा कॅट 3 600 पेक्षा भारी असं आकडे बघून समजू नका. एप्रिल-मेमध्ये अवकाळीला वीज कडाडते तेव्हा लाइनवर हेच झटके येतात. ढग वाजायला लागले की स्टार्टर उघडायचा नाही, मीटर कितीही महागाचा असो.

तुम्हाला माझी शिफारस अशी की शेतासाठी अँपिअर मोजायची सोयच नसलेला मीटर घ्या. ऐकायला उलटं वाटतंय, पण अँपिअरचा जॅकच नसेल तर वर सांगितलेली चूक होऊच शकत नाही. फ्लूक 101 असा आहे, खिशात मावतो, कॅट 3 600 व्होल्टचा आहे, व्होल्ट, ओहम, कंटिन्युइटी, कपॅसिटर बघतो, अँपिअर नाही. बॅकलाइट पण नाही, रात्री टॉर्च तोंडात धरावी लागते हे आधीच सांगतो. अँपिअर पाहिजेच असतील इलेक्ट्रॉनिक्ससाठी, तर दोन्ही जॅकला सिरॅमिक एचआरसी फ्यूज असलेला मीटर बघा. काचेचा छोटा फ्यूज मोठ्या शॉर्टला फुटून आतच आर्क धरतो, सिरॅमिकमध्ये वाळू भरलेली असते ती आर्क विझवते. नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ, मुंबईकडची मेको, यांचेही चांगले मीटर आहेत आणि आपल्या राज्यातल्या कंपन्या म्हणून दुरुस्तीला बरं पडतंय.

मोटारीचा करंट बघायला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा. बोअरच्या मोटारीवर मल्टीमीटरपेक्षा क्लॅम्पच जास्त कामाला येतो, तिन्ही फेजचा करंट बघा, एखाद्यात फार फरक असेल तर फेज किंवा जॉइंट बघा, तिन्हीत एकदम कमी झाला तर बोअरचं पाणी गेलंय आणि मोटार कोरडी फिरायलीय. क्लॅम्पमध्ये एकच वायर घालायची, सगळी केबल घातली तर बेरीज शून्य होते. सोलर पंप असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर एसी-डीसी दोन्ही मोजणारा हॉल सेन्सरचा क्लॅम्प घ्या, स्वस्तातला एसी क्लॅम्प डीसी वायरीवर शून्य दाखवतो आणि माणूस समजतो करंट नाही. सोलरच्या पॅनलची माळ शेकड्यानी व्होल्ट डीसी देते आणि डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही, तिथं लोडवर असताना वायर सोडायची नाही.

अजून एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते. लांब केबलची एक फेज उडालेली असते, सगळं बंद असतं, तरी मीटर 60-80 व्होल्ट दाखवतो. मीटरचा इनपुट 10 मेगाओहमचा असतो, शेजारच्या चालू वायरीतून कपॅसिटन्सनं आलेलं बारीक व्होल्टेज तो पकडतो. लो-झेड, म्हणजे इनपुटचा रेझिस्टन्स कमी असलेली, रेंज असलेला मीटर ते पाडून खरं दाखवतो. पण ती रेंज नसेल तर भुताचं व्होल्टेज समजून हात लावू नका, मेन बंद करूनच काम करा.

ट्रू आरएमएस, म्हणजे लहरीचा आकार कसाही असला तरी खरं व्होल्टेज दाखवणारा मीटर, लागतो का असं पण बरेच जण विचारतात. घरी स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल, डिमर असेल, मोटारीचा वेग बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह असेल तर लागतो. साधा मीटर सरासरी मोजून साइन वेव्ह समजून 1.11 नी गुणतो, त्यामुळं स्क्वेअर वेव्हवर 11 टक्के जास्त दाखवतो, 220 असतील तर 244. मग लोक चांगला इन्व्हर्टर उगाच रिपेअरला आणतात. नुसतं महावितरणच्या लाइटीवर काम असेल तर नसला तरी चालतंय.

अचूकतेचा आकडा कसा वाचायचा ते सांगतो. मॅन्युअलमध्ये 0.5 टक्के अधिक 3 असं असतं. 230.0 व्होल्ट मोजलं तर 0.5 टक्के म्हणजे 1.15, आणि शेवटच्या अंकाचे 3 म्हणजे 0.3, एकूण दीड व्होल्ट इकडं-तिकडं. स्क्रीनवर अंक जास्त दिसले म्हणजे मीटर खरा असं नाही. आणि हा आकडा 23 डिग्रीचा असतो, 5 इकडं 5 तिकडं. त्याच्या बाहेर दर डिग्रीला त्या अचूकतेचा दहावा हिस्सा वाढवायचा असं बऱ्याच चांगल्या मीटरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात 43 डिग्री, म्हणजे 28 च्या वर 15 डिग्री, म्हणजे 0.5 टक्क्याचे सव्वा टक्का झाले. मोटारीच्या कामाला काही फरक पडत नाही, पण 18 व्होल्टची बॅटरी किती चार्ज झाली ते दुपारी शेडमध्ये बसून ठरवणार असाल तर फरक पडतो.

घरी मीटर तपासायला लॅब लागत नाही. प्रोब एकमेकांना टेकवून ओहम बघा, 0.1 ते 0.3 यायला पाहिजे, हलवल्यावर उड्या मारायला लागला तर लीड खराब. कंटिन्युइटीचा बीप टेकवल्याबरोबर वाजला पाहिजे. टीएल431 नावाची छोटी आयसी काही रुपयांना मिळते, ती 2.495 व्होल्टच्या आसपास देते, तिचा आकडा लिहून डब्यात ठेवा आणि दर काही महिन्यांनी बघा. मीटरमधला सेल उतरला की स्वस्त मीटर जास्त आकडा दाखवायला लागतो, बॅटरीचं चिन्ह आलं की त्याच दिवशी सेल बदला.

जाडी-व्यास मोजायच्या डिजिटल व्हर्नियरला याहून सोपी कसोटी आहे. मिटुटोयोच्या नावानं नकली माल खूप, आणि 0.01 दाखवणारा प्रत्येक व्हर्नियर 0.01 मोजतो असं नाही, अस्सल 150 मिमीचाही 0.02 इकडं-तिकडं धरतात. मोटारसायकलच्या दुकानातून 6204 नंबरचं नवं बेअरिंग आणा, त्याचा बाहेरचा व्यास 47 मिमी, आतला 20, रुंदी 14. बाहेरचा व्यास जास्तीत जास्त 0.011 नी कमी असू शकतो, म्हणजे तुमच्या व्हर्नियरपेक्षा बेअरिंगच जास्त खरं. 46.97 ते 47.02 दाखवलं तर ठेवा. जबडे बंद करून उजेडाकडं धरा, फट दिसायला नको. स्वस्त डिजिटल व्हर्नियर बंद असतानाही सेल खातो, काम झालं की सेल काढून ठेवा.

बाकी इलेक्ट्रॉनिक्सचं सामान सुरुवातीला कमीच घ्या. तापमान सेट करता येणारी सोल्डरिंग आयर्न, 63/37 ची, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असलेली, सोल्डर जी 183 डिग्रीला वितळते आणि टोक 330-350 ला ठेवायचं, आणि मेनवर जोडायच्या आधी सिरीज लॅम्प, 100 वॉटचा पिवळा बल्ब. दुरुस्त केलेलं एसएमपीएस, म्हणजे मेनवर चालणारा पॉवर सप्लाय, या बल्बमधून चालू करा, बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद पेटून विझला तर ठीक. मोठा कपॅसिटर मोजायच्या आधी डिस्चार्ज केलाच पाहिजे, मीटरसाठी पण आणि बोटांसाठी पण. ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, आत्ता नको, 200 किलोहर्ट्झचे खेळण्यातले किट तर अजिबात नको, पैसे जमले की 50 मेगाहर्ट्झचा बेंच स्कोप घ्या.

हिशोब ढोबळ असा करा, ड्रिल 3 हजार, ग्राइंडर 3, मीटर 4 ते 5, एसी क्लॅम्प दीड-दोन, आणि राहिलेल्यात आरसीसीबी, 1.5 ची वायर, गॉगल, सुटे बिट, चांगल्या डिस्क. जिगसॉ पुढच्या दिवाळीला. भाव खालीवर होतात, दोन दुकानात विचारा.

पैसे वाचवायला जुनी मशीन घेणार असाल तर चालतंय, जुन्या रॅलीवुल्फच्या ड्रिल अजून कामाला येतात. प्लग लावून फिरवा, कार्बनच्या खिडकीतून निळी बारीक ठिणगी दिसली तर ठीक, आर्मेचरभोवती लाल गोल फिरताना दिसला तर आर्मेचर जाणार. मग प्लग काढून चक हातानं वरखाली हलवा, खेळ असेल तर बेअरिंग, आणि चक पुढं-मागं फिरवून बघा, फार ढिला वाटला तर गिअर. कॉर्ड मशीनच्या तोंडाशी वाकवून बघा, तिथंच तार आतून तुटलेली असते. पण जुना मीटर किंवा जुनी डिस्क घेऊ नका.